वर जाणारं पाणी: जमेचं की नावेचं?

मैत्रिणींनो, मागच्या पाठात आपण जमिनीत मुरणाऱ्या पाण्याबद्दल शिकलो. चर, ताली, बांध, सगळं झालं. त्यावर डोंगरावरच्या एका गटातल्या काकूंनी असा प्रश्न विचारला, की मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. काकू म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणता झाडं राखा. पण झाड पाणी पितंय की! बांधावरच्या झाडाखाली ज्वारी हातभर कमी वाढते, ते काय उगाच? मग डोंगरावरचं रान तोडलं तर तेवढं पाणी वाचून खाली विहिरीला यायला पाहिजे. येत का नाही?"

बाकीच्या बाया हसल्या, पण काकूंच्या विचारण्यामागे कारण होतं. त्यांच्या गटातल्या सहाजणींच्या मालकीचं रान डोंगराच्या पोटाला आहे. हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, मधे मधे आंबा. लाकडाचा व्यापारी येऊन गेला होता. एकीच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती, दुसरीचा नवरा आजारी, तिसरीच्या डोक्यावर गटाच्या कर्जाचे हप्ते थकलेले. व्यापारी एकरकमी पैसे देतो म्हणाला होता. तेव्हा काकूंचा प्रश्न नुसता शाळेतला नव्हता. झाड खरंच पाणी खात असेल, तर विकायला निदान मनाला टोचणी तरी लागणार नाही, असं त्यात होतं.

आपल्या संघात डोंगरावरचे गट आहेत, तसे माणदेशातल्या माळावरचेही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात तो ५०० च्या आसपास घुटमळतो. एकीकडे छपरावर शेवाळ, दुसरीकडे टँकरची वाट. म्हणून हा पाठ दोन्हीकडच्या बायांनी वाचावा. दोघींचा संबंध कसा आहे ते पुढे येईलच.

आधी पाणी वर जातं कसं ते बघू. धुतलेली साडी दोरीवर टाकली की वाळते. त्यातलं पाणी हवेत जातं, याला बाष्पीभवन म्हणतात. साडी लवकर कधी वाळते? ऊन असेल तेव्हा. वारा असेल तेव्हा. आणि हवा कोरडी असेल तेव्हा. पावसाळ्यात वारा असूनही कपडे आंबट वास येईस्तोवर ओले राहतात, कारण हवा आधीच भरलेली असते. जमिनीचं, तळ्याचं, विहिरीचं पाणीही याच तीन गोष्टींवर वर जातं.

झाड मात्र वेगळं वागतं. ते मुळांनी खोलवरचं पाणी ओढतं, खोडातून वर नेतं आणि पानांवरच्या बारीक बारीक छिद्रांतून हवेत सोडतं. त्याला बाष्पोत्सर्जन हा जड शब्द आहे, पण आपण झाडाचा घाम म्हणू. झाड स्वतःच्या अंगात फारच थोडं पाणी ठेवतं. जे पितं त्यातलं बहुतेक सगळं वर सोडून देतं. म्हणजे काकूंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. झाड पाणी पितं, पण पोटात ठेवत नाही.

आता आपण गटाच्या वहीसारखा हिशेब मांडू. जमेला पाऊस. नावे तीन खाती: ओढ्याने वाहून गेलेलं, जमिनीत मुरलेलं आणि हवेत परत गेलेलं. जगातल्या सगळ्या जमिनीचा मिळून हिशेब शास्त्रज्ञांनी केला आहे. जमिनीवर १०० थेंब पडले तर साधारण ६० थेंब परत हवेत जातात. उरलेले ४० कधी वरून वाहत तर कधी जमिनीतून झिरपत शेवटी समुद्राला मिळतात. ६० म्हणजे सर्वांत मोठं खातं! आणि आपण इतकी वर्षं पाणलोटाच्या बैठका घेतो, त्यात या खात्याचं नावही निघत नाही. वाहून जाणारं पाणी डोळ्याला दिसतं, वर जाणारं दिसत नाही, म्हणून असेल.

याचं माप सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एक एकर म्हणजे ४,००० चौरस मीटरच्या थोडं वर. म्हणून एका एकरातून एक मिलिमीटर पाणी वर गेलं, की ४,००० लिटर गेलं. दाट रानात, जमिनीत ओल असताना, दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी सहज वर जातं. तीनच धरा. एका एकरातून रोज १२,००० लिटर, म्हणजे एक मोठा टँकर.

हे ऐकून बैठकीत काकूंनी माझ्याकडे "बघा, मी काय म्हणत होते" अशा नजरेनं पाहिलं. पण थांबा. हा टँकर वर जाताना काय काय करतो ते आधी बघा.

पहिलं, तो थंडावा देतो. चुलीवर पातेलंभर पाणी ठेवलं आणि १० मिनिटांत उकळी आली, तर त्याच आचेवर ते सगळं पाणी आटून जायला किती वेळ लागेल? तासाच्या वर. उकळी आणायला जितकी आच लागते त्याच्या सातपट आच निव्वळ पाण्याची वाफ व्हायला लागते. चूल पेटवणाऱ्या बाईला हे पुस्तकात वाचावं लागत नाही. ही आच रानात कुठून येते? उन्हातून. रानावर पडणारं ऊन पाण्याची वाफ करण्यात खर्च होतं, म्हणून ते जमीन तापवायला उरत नाही. एका लिटरची वाफ व्हायला विजेच्या भाषेत सांगायचं तर दोन तृतीयांश युनिट लागतं. १२,००० लिटरला ८,००० युनिट. घरचं बिल महिन्याला १०० युनिट धरलं, तर ही जवळजवळ सात वर्षांची वीज झाली, आणि एक एकर रान तेवढी उष्णता एका दिवसात पचवतं.

रान तोडलं की ऊन तेवढंच पडतं, पण वाफ करायला पाणी वर येत नाही. मग ते ऊन मुरूम तापवतं, दगड तापवतं, वरची हवा तापवतं. उघड्या डोंगरावर एप्रिलमध्ये अनवाणी पाय ठेववत नाही आणि शंभर पावलांवर देवराईत गेलं की अंगाला गार लागतं, ते नुसत्या सावलीमुळे नव्हे. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच ते आहे. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. जुन्या माठाची छिद्रं बुजली की तो पाणी गार करत नाही. तोडलेला डोंगर तसाच, छिद्रं बुजलेला माठ.

दुसरं काम जमिनीच्या पोटात चालतं. रानात पाऊस थेट मातीवर आदळत नाही. आधी पानांवर पडतो, मग खोडावरून आणि पाचोळ्यातून हळू उतरतो. थोडा पानांवरच राहून वाळतो, तोही वर जाणाऱ्या खात्यात धरा. खाली मुळांनी, गांडुळांनी, वाळवीनं माती भुसभुशीत केलेली असते, तिच्यात पाणी शिरतं. उघड्या जमिनीवर मात्र थेंब आदळून मातीची बारीक पापडी धरते, आणि गुरांच्या पायांनी ती आणखी घट्ट होते. मग पाणी शिरत नाही, पळतं.

काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. रान तोडलं की झाडांनी प्यायचं पाणी वाचतं, हे खरंच आहे. परदेशात लहान लहान पाणलोट क्षेत्रांत झाडं तोडून मोजमापं झाली आहेत. तोडल्यावर पहिली काही वर्षं ओढ्याला पाणी वाढलेलंही दिसलं. पण तिथं माती तशीच मऊ राखलेली होती. आपल्याकडे तोडीनंतर माती उघडी पडते, वणवा लागतो, गुरं फिरतात, पाचोळा जातो. वाचलेलं पाणी मुरायच्या ऐवजी जुलैतच ओढ्याला लोंढा होऊन निघून जातं. म्हणजे झाडाचा खर्च वाचला आणि तिजोरीचं दारच मोडलं. कर्नाटकात उत्तर कन्नड आणि मलनाडच्या भागात, म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, संशोधकांनी नैसर्गिक जंगल, उजाड झालेलं जंगल आणि लावलेली झाडं यांच्याखालचं पाणी मोजलं. नैसर्गिक जंगल पाणी पीतही होतं आणि जमिनीत जास्त मुरवतही होतं. उजाड जागेवरून पाणी चटकन वाहून जात होतं.

याचा अर्थ कुठंही, कसलीही झाडं लावा असा मात्र घेऊ नका. माणदेशात ५०० मिलिमीटर पावसावर निलगिरीची दाट लागवड केली तर ती आजूबाजूची ओल ओढून घेते, हा शेतकऱ्यांचा अनुभव खोटा नाही. विहिरीच्या काठाला एकाच जातीची भराभर वाढणारी झाडं दाटीनं लावणं शहाणपणाचं नाही. लिंब, बोर, हिवर, बाभूळ ही माळावरची झाडं थोड्या पाण्यात हात आखडून जगतात. तहान लागली की पानांची छिद्रं मिटतात, काही जण तर पानंच गाळतात. डोंगरावरचं आणि माळावरचं झाड यांना एकाच मापानं मोजायचं नाही. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटोपुरती कुठलीही रोपं वाटणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं, पण ते असो.

आता तिसरं काम, ज्यात डोंगरावरची बाई आणि माळावरची बाई एकमेकींना जोडल्या जातात.

वर गेलेला टँकर कुठं जातो? हवेत, आणि हवा चालती असते. पावसाळ्यात वारा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्री चढतो आणि पूर्वेकडे जातो. घाटावर तो बराचसा पाऊस ओतून हलका झालेला असतो. म्हणून तर डोंगराच्या पलीकडे पर्जन्यछाया. पण घाटातलं रान त्याच वाऱ्यात पुन्हा बाष्प भरतं. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तमिळनाडू हे पावसाळ्यात तसं कोरडं राहणारं राज्य. तिथं नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा जो पाऊस पडतो, त्यातलं २५ ते ४० टक्के बाष्प पश्चिम घाटातल्या जंगलांनी पुरवलेलं असतं, असं त्यात दिसून आलं. समुद्राचं नव्हे, झाडांनी सोडलेलं!

त्यातही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की पाऊस कमी असलेल्या वर्षी जंगलाचा हा वाटा वाढतो. का वाढतो? समुद्राकडून येणारा वारा कमजोर पडतो तेव्हा वरच्या मातीतली ओल चार दिवसांत संपते, पण झाडांची मुळं खोल असतात. जून-जुलैत मुरलेलं पाणी ती ऑगस्टच्या उघडिपीत वर काढून देत राहतात. आपल्या गटात नाही का, कुणाच्या घरी पगार थांबला की बचतीतून चालतं, तसं.

असा आणखी एक हिशेब गंगेच्या खोऱ्याचा झाला आहे. तिथं पावसाळ्याच्या शेवटी शेवटी जो पाऊस पडतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा तिथल्याच जमिनीवरून, पिकांतून आणि झाडांतून वर गेलेल्या पाण्याचा असतो. एकच पाणी दोनदा पडतं. दूर ब्राझीलमध्ये अॅमेझॉनचं जंगल आहे. समुद्राकडून आलेलं बाष्प तिथं पडतं, झाडं ते वर सोडतात, पुढे जाऊन ते परत पडतं, असं पायरीपायरीनं हजारो किलोमीटर आत जातं. तिथले लोक याला उडत्या नद्या म्हणतात. ते जंगल दक्षिणेच्या बाजूनं मोठ्या प्रमाणात तुटलं आणि त्या भागात कोरडा हंगाम लांबत चालल्याचं दिसून आलं आहे.

आपल्याकडेही वारं पश्चिमेकडून पूर्वेकडेच जातं. जावळी-पाटणच्या डोंगरावरून उठलेलं बाष्प खटाव-माणच्या दिशेनं निघतं. ते तिथंच पडेल असं कुणी लिहून देणार नाही, वारा काही एसटी नव्हे की थांबा ठरलेला असावा. पण वरच्या बाईनं रान राखलं तर खालच्या बाईच्या आभाळात जमेला काहीतरी पडतं, एवढं नक्की. माणच्या आपल्या एका गटातल्या ताईला हे सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "मग आम्ही त्यांना काय देतो?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्याकडे आहे का बघा.

हवामान बदलतंय हे आता बायांना वेगळं सांगायला नको. पेरणी कधी करायची याचाच भरवसा राहिला नाही. २०२३ चा ऑगस्ट आठवा. सगळ्या देशाचा मिळून त्या महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी झाला. १९०१ पासून नोंदी आहेत, त्यांत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. दुसऱ्या बाजूला, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास आहे. म्हणजे पडला की धो धो, नाहीतर महिनाभर नाही.

याचा वर जाणाऱ्या पाण्याशी संबंध असा. हवा एक अंश तापली, की ती सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. मोठी घागर झाली म्हणा. घागर मोठी झाली की भरायला पाणी जास्त लागतं, म्हणून तापलेली हवा जमिनीतून, पिकातून, तळ्यातून जास्त ओढते. आणि भरलेली घागर उपडी झाली की एकदम जास्त ओतते. एकाच कारणातून दोन्ही निघतात, दुष्काळही आणि ढगफुटीसारखा पाऊसही.

मग तापमान वाढलं की वर जाणारं पाणी सगळीकडे वाढतच जाणार का? तसंही नाही. हवेला तहान आहे, पण जमिनीत पाणीच नसेल तर ती काय पिणार? जगभरच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडलं, की १९८२ ते १९९७ पर्यंत जमिनीवरून वर जाणारं पाणी वाढत होतं. १९९८ च्या एल निनोनंतर पुढची दहा वर्षं ती वाढ थांबली, कारण आफ्रिका, ऑस्ट्रेलियासारख्या भागांत मातीतली ओलच संपत आली होती. ओल संपली की ऊन जमीन तापवतं, जमीन हवा तापवते, हवेची तहान आणखी वाढते. कर्जावर व्याज आणि व्याजावर व्याज, हे चक्र आपल्याला ठाऊक आहे.

रान या चक्रात आडवं उभं राहतं. पाऊस एकदम पडला तरी ते तो मातीत घेतं आणि पुढच्या कोरड्या महिन्यात थोडा थोडा खर्च करतं. उघडी जमीन उधळी असते. पाऊस पडला की चार दिवस वरच्या वितीतलं पाणी भराभर उडून जातं, मग खडखडाट. वर्षाचा एकूण खर्च मोजला तर उघड्या जमिनीवरून वर जाणारं पाणी रानापेक्षा कमीच भरतं, पण ते नको त्या वेळी जातं आणि त्यातून ना पीक येतं ना सावली.

आता आपल्या हातात काय, ते बघू. सगळ्यांत आधी शेततळं, कारण तिथं नुसतं नुकसान आहे. तिथलं पाणी वर गेलं तर मधे पिकाला काही मिळत नाही. एप्रिल-मे महिन्यात आपल्या कोरड्या भागात उघड्या पाण्यावरून दिवसाला १० मिलिमीटर पाणी जाणं नेहमीचं आहे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद तळं असेल तर रोज ९,००० लिटर. राहुरी, परभणी, अकोला, दापोलीच्या कृषी विद्यापीठांत शिवारफेरीला गेलात तर वेधशाळेत एक गोल पसरट पत्र्याची टाकी दिसेल, वर जाळी लावलेली. हे बाष्पीभवन मोजायचं पात्र. रोज सकाळी त्यातलं पाणी किती उतरलं ते मोजतात. जाळी कशाला? पक्ष्यांनी पाणी प्यायलं तर हिशेब चुकेल ना! तळं पसरट आणि उथळ करण्यापेक्षा तोंड लहान आणि खोल ठेवलं, पश्चिमेच्या वाऱ्याला आडवी झाडांची ओळ लावली, तर उडणारं पाणी कमी होतं. जोडीला एक नियम: तळ्यातलं पाणी मेपर्यंत साठवून ठेवण्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चपर्यंत पिकाला देऊन टाकलेलं बरं. साठवलेलं पाणी काही बँकेत पडून नाही, रोज कापलं जातंय.

शेतात आच्छादन. उसाचं पाचट जाळू नका, सरीत पसरा. तूर, सोयाबीनचा भुसा, गवत, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला, जे असेल ते मातीवर पडू द्या. मातीवरून उडणारं पाणी थांबलं की तेच पाणी पिकाच्या मुळातून वर जातं, आणि त्याचं धान्य होतं. पाणी शेवटी वर जाणारच आहे, पण पिकातून जाऊ द्या. रब्बी ज्वारीला जुनी माणसं सांगतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की आतली ओल थेट त्या भेगांतून निघून जाते. कोळप्यानं वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात अशा तीन कोळपण्या विद्यापीठही सांगतं. आठव्या आठवड्यातली कोळपणी आपण मजुरी वाचवायला टाळतो, आणि नेमक्या तेव्हाच भेगा मोठ्या झालेल्या असतात.

डोंगरावरच्या गटांना माझं पहिलं सांगणं वणव्याचं. "गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोरात येतं" हे आपल्या आज्यांपासून ऐकतो. राख पहिल्या पावसात ओढ्याला जाते, रोपटी मरतात, पाचोळा जातो आणि माती उघडी पडते. फेब्रुवारीत रानाच्या कडेनं जाळरेषा काढायचं काम गावानं मिळून केलं तर दोन दिवसांचं आहे. नवी लागवड चांगलीच, पण हातभर रोप तोडलेल्या हिरड्याची जागा घेत नाही. त्याची मुळं तेवढी खोल जायला तुमची मुलगी आजी होईल.

आता काकूंच्या गटाबद्दल. पैशांची गरज खरी आहे, "झाडं तोडू नका" असं सांगून मुलीची फी भरली जात नाही. म्हणून आम्ही त्यांच्यासोबत बसून दोन गोष्टी केल्या. एक, कायदा वाचला. महाराष्ट्रात झाडं तोडण्याबद्दलचा १९६४ चा कायदा आहे. हिरडा, जांभूळ, ऐन, किंजळ, आंबा, फणस अशी ठरलेली झाडं स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. "परवानगीचं मी बघतो" असं व्यापारी म्हणत असेल तर कागद आपल्या हातात घेऊनच पुढे बोलायचं, कोऱ्या कागदावर अंगठा नाही. दुसरी गोष्ट, हिरडा, मध, जांभूळ, शिकेकाई यांतून प्रत्येकीला वर्षाला काय मिळतं ते तिनं स्वतः वहीत लिहिलं. आजवर ते कुणी मांडलंच नव्हतं, कारण ते पैसे थोडे थोडे येतात आणि मीठ-मिरचीत जातात. व्यापाऱ्याची रक्कम एकदाच येते म्हणून मोठी दिसते. चौघींनी सध्या नाही म्हटलं आहे. एकीनं वाकलेली आणि वठलेली तेवढीच द्यायची ठरवलं. जिच्या मुलीची फी होती तिला गटानं अंतर्गत कर्ज दिलं, थकलेले हप्ते असताना द्यावं का यावर भांडण झालं, पण दिलं. सहावी अजून विचार करते आहे. व्यापारी पावसाआधी परत येणार आहे.

पुढच्या मासिक बैठकीसाठी काम. सकाळी नऊच्या सुमारास, चांगलं ऊन असताना, एका हिरव्या फांदीला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालून तोंड सुतळीनं घट्ट बांधा. तशीच दुसरी पिशवी वाळक्या फांदीला. दुपारी तीनला सोडा. आत जमलेलं पाणी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजा, त्यावर मिलिलिटरच्या रेघा असतात. पिशवीत किती पानं होती तेही मोजा. ज्यांच्याकडे पापड-मसाल्याचा वजनकाटा आहे त्यांनी आणखी एक करा: दोन सारख्या घमेल्यांत सारख्या वजनाची ओली माती घ्या, एकावर पाचोळा पसरा, दुसरं उघडं ठेवा, दोन्ही उन्हात. रोज सकाळी वजन. एक ग्रॅम कमी झालं म्हणजे एक मिलिलिटर पाणी वर गेलं. पाचोळ्याचं वजन आधीच वेगळं लिहून ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो. मागच्या वेळी आमच्याकडून तेच झालं.

आकडे इतिवृत्ताच्या वहीत तारीख घालून लिहा: झाडाचं नाव, पानं, पाणी, ऊन कसं होतं, वारा होता का. गटाच्या सचिवांनी ते पान संघाच्या बैठकीला सोबत आणावं. माणच्या गटांनी लिंबाच्या किंवा बाभळीच्या फांदीवर करा, डोंगरावरच्यांनी जांभूळ किंवा हिरड्यावर. दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पुढच्या अंकात छापू.